कोवळं रक्त

नोव्हेंबरचा मध्य. समजा, मिरजेतल्या एका लॅबच्या टेबलावर दोन रिपोर्ट शेजारी शेजारी पडले आहेत. एक जत तालुक्यातून आलेल्या पस्तिशीच्या बाईंचा, दुसरा कराडच्या एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलाचा. दोघांचंही हिमोग्लोबिन ७.२. जिना चढताना दोघांनाही धाप लागते, दोघांचीही खालची पापणी ओढून पाहिली तर आत लाली दिसत नाही. घरची माणसं दोघांबद्दल एकच सांगतात : ‘अंगात रक्तच न्हाई.’

आकडा एक, तक्रार एक, तेव्हा औषधही एकच असणार असं कुणालाही वाटेल. पण दोन्ही कागदांवर खाली हातानं लिहिलेली एक जादा ओळ आहे. रेटिक : बाईंचं १.२ टक्के, मुलाचं १४ टक्के. या ओळीनं दोघांच्या वाटा वेगळ्या केल्या. बाईंना लोहाच्या गोळ्या लागतील. मुलाला लोह देऊन काही साधणार नाही. उलट तो सध्या घेत असलेली एक गोळी आजच्या आज बंद करायला हवी.

बाई आणि मुलगा माझ्या कल्पनेतले आहेत, मिरज मात्र खरी. तंबोऱ्यांच्या या गावात डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचा दवाखाना सुरू केला, १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि रेल्वेचं जंक्शन असल्यामुळे पार विजापूरकडचे रुग्णही इथं उतरत राहिले. पुण्यामुंबईच्या फंदात न पडता रक्ताची बारीकसारीक तपासणी करून घ्यायची तर सांगली-साताऱ्याचा माणूस मिरजेला नाहीतर कराडला जातो. तरीही ही ‘रेटिक’ची ओळ त्याच्या हाती क्वचितच पडते. नेहमीच्या सीबीसीत ती येत नाही; डॉक्टरांनी वेगळी लिहून मागवली तरच येते. आणि माझं स्पष्ट मत आहे की ती फार कमी वेळा मागवली जाते.

रेटिक म्हणजे रेटिक्युलोसाइट. रक्तातली कोवळी तांबडी पेशी.

तांबड्या पेशीचा जन्म होतो हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत. लहानपणी जवळपास सगळ्याच हाडांत हे काम चालतं. मोठेपणी ते छातीचं हाड, बरगड्या, मणके, कमरेचं हाड अशा ठिकाणी उरतं. तिथं एक मोठी, ठसठशीत केंद्रक असलेली पेशी दुभंगते, पुन्हा दुभंगते, चार-पाच वेळा दुभंगते आणि दर वेळी आकारानं लहान होत जाते. आत हिमोग्लोबिन साठत जातं. मग जवळपास आठवड्याभरानं एक अजब गोष्ट घडते. पेशी आपलं केंद्रक बाहेर ढकलून देते. मज्जेत या वाढत्या पेशी एका भक्षक पेशीभोवती कोंडाळं करून बसलेल्या असतात, कोंबडीभोवती पिल्लं बसावीत तशा. बाहेर पडलेलं केंद्रक ती भक्षक पेशी गिळून टाकते. मार्सेल बेसिस या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९५८ मध्ये या कोंडाळ्यांचं वर्णन केलं.

केंद्रक गेलं म्हणजे पेशीची मूळ पोथीच गेली. पण त्या पोथीवरून उतरवून घेतलेल्या नकला, म्हणजे आरएनए, अजून आत शिल्लक असतात, आणि त्यांच्या आधारावर हिमोग्लोबिन बनवणं चालू राहतं. पेशीतलं साधारण एक तृतीयांश हिमोग्लोबिन या शेवटच्या टप्प्यात तयार होतं. ही जी पोथी गमावलेली, पण नकलांवर काम रेटणारी पेशी, तीच रेटिक्युलोसाइट. ती तीनेक दिवस मज्जेत काढते, मग रक्तात उतरते आणि तिथं साधारण एका दिवसात तिच्या नकलाही संपतात. त्यापुढं ती पक्की तांबडी पेशी. १२० दिवस नुसती ओझी वाहायची, नवीन काही बनवायचं नाही.

आता एक सोपा हिशेब करू. पेशी रक्तात १२० दिवस जगते आणि त्यातला पहिला दिवस तिची कोवळीक टिकते. म्हणजे कुठल्याही क्षणी १२० पेशींत एक कोवळी सापडायला हवी, शंभरात ०.८. मोठ्या माणसाच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल ०.५ ते २.५ टक्के’ असं छापलेलं असतं, ते या हिशेबाशी जुळतं. अंगात एकूण तांबड्या पेशी सुमारे २५ लाख कोटी. त्यांचा १२० वा हिस्सा रोज नवा भरायचा तर दर सेकंदाला वीस ते चोवीस लाख पेशी बाहेर काढाव्या लागतात. हे वाक्य वाचून होईपर्यंत तुमच्या हाडांनी कोटभर पेशी काढून मोकळं केलं.

कोवळी पेशी दिसते कशी? लॅबमध्ये नेहमी वापरतात त्या लीशमन रंगानं ती थोडी मोठी आणि किंचित निळसर झाक असलेली दिसते; सरावाच्या डोळ्यालाच कळते. नीट मोजायची तर पेशी जिवंत असतानाच रंगवावी लागते. जांभळ्या झाकणाच्या बाटलीतले दोन-तीन थेंब रक्त आणि तितकाच न्यू मिथिलिन ब्लू हा निळा रंग एका छोट्या नळीत मिसळायचा, नळी पंधरा-वीस मिनिटं अंगाच्या उबेइतक्या उबेत ठेवायची, मग काचपट्टीवर थेंब ओढायचा. रंग आरएनएला धरून त्याचे धागे आणि ठिपके करतो. पक्क्या पेशी फिकट हिरवट-निळ्या चकत्यांसारख्या दिसतात आणि मधूनच एखादीत गडद निळ्या दोऱ्याचं विस्कटलेलं जाळं दिसतं. लॅटिनमध्ये ‘रेटिक्युलम’ म्हणजे छोटं जाळं. नाव त्यावरून पडलं. गंमत अशी की हे जाळं जिवंत पेशीत नसतंच. रंग पडल्यावरच ते उमटतं. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला पाउल एर्लिख यांनी असे जिवंत रंग वापरले, तेव्हापासून तंत्रात मुळातला बदल फारसा नाही.

मोजायच्या हजार पेशी. डोळा भरकटू नये म्हणून जुने टेक्निशियन सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसमध्ये मधोमध चौकोन कापलेला कागद बसवतात आणि त्या चौकोनात दिसेल तेवढंच मोजतात. मोठ्या लॅबमध्ये आता मशिन चमकणारा रंग वापरून हजारो पेशी काही क्षणांत मोजतं. तो आकडा जास्त भरवशाचा, हे खरं. पण निळं जाळं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं माणूस विसरत नाही.

वाळवा-कराड पट्ट्यातल्या वाचकाला पुढची गोष्ट समजावायला साखर कारखाना पुरे. हिमोग्लोबिन म्हणजे गोदामातली पोती. रेटिक म्हणजे आजचं गाळप. गोदामात पोती कमी आहेत, एवढ्यावरून कारखाना बंद आहे की रात्रंदिवस चालूनही माल चोरीला जातोय, हे कळत नाही. फाटकावरच्या फळ्यावर आजच्या गाळपाचा आकडा असतो, तो पाहावा लागतो. जतच्या बाईंचा कारखाना मंद चालला होता. कराडच्या मुलाचा कारखाना धडाडून चालला होता आणि तरी गोदाम रिकामं होत होतं.

बाईंचं रेटिक १.२ म्हणजे नॉर्मलच्या चौकटीत बसतं की, असं कुणी म्हणेल. फसगत तिथंच होते. टक्केवारी काढताना खाली भागायला एकूण पेशी असतात आणि त्याच निम्म्या झालेल्या आहेत. बाईंच्या रक्तात पेशींचा वाटा, ज्याला हिमॅटोक्रिट म्हणतात तो, ४५ ऐवजी २२.५ धरला तर १.२ चे आधी ०.६ होतात. शिवाय रक्त इतकं कमी असताना मज्जा कोवळ्या पेशी वेळेआधीच बाहेर सोडते, मग त्या रक्तात एक नव्हे तर दोन दिवस कोवळ्याच राहतात आणि दोनदा मोजल्या जातात. म्हणून पुन्हा दोननं भागायचं. उरले ०.३. हीच कात्री मुलाच्या १४ टक्क्यांना लावली तर साडेतीन उरतात. रक्त कमी झालेल्या माणसाची मज्जा खरोखर जोर लावत असेल तर हा छाटलेला आकडा दोन-तीनच्या वर जातो. मुलाची मज्जा जोर लावते आहे. बाईंची लावू शकत नाही, कारण तिच्याकडे कच्चा मालच नाही.

कच्च्या मालाचा प्रश्न निघाला की मला नेहमी लूसी विल्स आठवतात, आणि त्यांच्यासाठी मुंबईला जावं लागतं.

त्याआधी अमेरिकेत एक गोष्ट घडून गेली होती. ‘पर्निशस ॲनिमिया’ नावाच्या, हमखास मारणाऱ्या आजारात १९२६ मध्ये जॉर्ज मायनट आणि विल्यम मर्फी यांनी रुग्णांना रोज पाव किलोच्या आसपास कलेजी खाऊ घातली आणि ते जगले. औषध लागू पडतंय की नाही हे पाहायला हिमोग्लोबिन वाढण्याची वाट बघत महिना काढायची गरज नव्हती. आठवड्याभरातच रेटिक उसळी मारत असे. पुढं १९२९ मध्ये बॉस्टनच्या विल्यम कॅसलनं याच उसळीवर एक किळसवाणा पण अफाट हुशार प्रयोग बेतला. रुग्णांना दहा दिवस नुसतं मांस दिलं. रेटिक जागचं हललं नाही. पुढचे दहा दिवस एका निरोगी माणसाला मांस खायला घालायचं, तासाभरानं ते त्याच्या पोटातून परत काढायचं आणि नळीवाटे रुग्णाच्या पोटात सोडायचं. रेटिक चढलं. निरोगी जठरात असं काहीतरी आहे जे या रुग्णांच्या जठरात नाही, हे त्यातून सिद्ध झालं. आज बी-१२ शोषण्यासाठी लागणारं ते प्रथिन आपल्याला माहीत आहे. रुग्णांना आपण काय गिळतो आहोत हे सांगितलेलं नव्हतं. आजची कुठलीही एथिक्स कमिटी हा कागद वाचूनच उठून गेली असती.

लूसी विल्स १९२८ मध्ये मुंबईला आल्या, हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. गरोदरपणात बायका रक्त कमी होऊन का मरतात, याचा शोध घ्यायचा होता. तो गिरण्यांचा काळ. साताऱ्याच्या गावागावांतली माणसं मुंबईत गिरणीत होती, आणि तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत त्यातच होते. गिरणगावातल्या खोल्यांत शिजणारं अन्न म्हणजे मुख्यतः धान्य. दूध, फळं, पालेभाजी जेमतेम. विल्सबाईंनी गरोदर बायांचं रक्त तपासलं तेव्हा तांबड्या पेशी संख्येनं कमी पण आकारानं थोराड दिसल्या. पर्निशस ॲनिमियात दिसतात तशाच. पण आजार तो नव्हता. गरीब घरच्या, निकस जेवणाच्या बायांत तो जास्त होता.

त्यांनी आधी उंदरांवर, मग माकडांवर अन्नाचे प्रयोग केले. अ जीवनसत्त्व देऊन पाहिलं, क देऊन पाहिलं. फरक नाही. मग मार्माइट हाती आलं. बियर गाळून उरलेल्या यीस्टचा हा काळा, खारट अर्क इंग्रज लोक पावाला लावून खातात. चव मला तरी झेपली नाही. तो स्वस्त होता, आणि त्यानं मरणपंथाला लागलेलं माकड सुधारलं. बायांनाही दिला. भूक परतली, कोवळ्या पेशी वाढल्या, मागोमाग रक्त. १९३१ मध्ये हे सगळं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलं. शुद्ध केलेला कलेजीचा अर्क, जो पर्निशस ॲनिमियावर रामबाण होता, तो या बायांना लागू पडत नव्हता. मार्माइट पडत होतं. म्हणजे त्यात काहीतरी वेगळं होतं. त्या अनामिक द्रव्याला पुष्कळ वर्षं ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं आणि पानावरूनच त्याला नाव मिळालं : फॉलिक ॲसिड.

आज जतच्या उपकेंद्रात आशाताई गरोदर बाईच्या हातावर जी लाल गोळी ठेवतात, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. रोज एक, १८० दिवस. गोळीचा दुसरा हिस्सा मुंबईच्या त्या बायांमुळे आपल्यापर्यंत आला.

गोळ्या असूनही परिस्थिती काय, तर २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं. आधीच्या पाहणीत हाच आकडा ४८ होता. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तो ६८.९. कारणांची यादी सगळ्यांना पाठ आहे : पाळीतला रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणं, जंत, शेवटी जेवणारी बाई. जेवणावर लगेच घोटलेला चहा अन्नातलं लोह आतड्यात अडवतो, हे त्या यादीत सहसा नसतं.

आणि गूळ. आपल्या भागात गुळाबद्दल वाईट बोलणं म्हणजे आपल्याच घराण्याला नावं ठेवणं. गुऱ्हाळाच्या लोखंडी काहिलीमुळे गुळात थोडं लोह उतरतं, खरं आहे. पण ते वनस्पतीतल्या लोहासारखंच, आतड्याला नीट न उचलता येणारं. गूळ-शेंगदाण्याचा लाडू चांगलाच आहे, रोज खावा. हिमोग्लोबिन ७.२ असताना त्याच्या भरवशावर राहू नये. तासगावच्या बेदाण्याचं आणि बिटाचंही तेच. बिटाचा लाल रंग आणि रक्ताचा लाल रंग यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. त्यापेक्षा भाकरीसोबतच्या पालेभाजीवर लिंबू पिळा, ते जास्त कामाचं. क जीवनसत्त्वानं लोह शोषलं जातं.

कारखान्याची उपमा इथं आणखी थोडी ताणता येते. गाळपाइतकाच महत्त्वाचा असतो साखरेचा उतारा. नव्या मशिनवर कोवळ्या पेशींची नुसती संख्या नाही, तर एकेका कोवळ्या पेशीत हिमोग्लोबिन किती भरलं आहे हेही मोजता येतं. ते २८-२९ पिकोग्रॅमच्या खाली असेल तर मज्जेला गेल्या तीन-चार दिवसांत लोह कमी पडतंय असा अंदाज निघतो. पक्क्या पेशी तीन-चार महिन्यांपर्यंत जुन्या, त्या शिळी बातमी सांगतात. कोवळ्या पेशी कालची सांगतात.

आपल्याकडे आणखी एक टंचाई आहे, बी-१२ ची. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायांचा अनेक वर्षं अभ्यास केला, त्यात ही टंचाई मोठ्या प्रमाणावर दिसली. शाकाहार आणि दूधदुभतंही जेमतेम, हे त्याचं मुख्य कारण. सांगलीच्या शाकाहारी शेतकरी घरांनाही हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. इथं एक धोका आहे. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या मोठ्या डोसनं बी-१२ च्या टंचाईतलं रक्त सुधारतं, रेटिकही चढतं, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते. पायांना मुंग्या येत असतील तर नुसत्या रक्ताच्या आकड्यावर समाधान मानू नये.

आता कराडचा मुलगा. त्याला आठ दिवसांपूर्वी थंडीताप आला, व्हायवॅक्स मलेरिया निघाला. त्याला प्रायमाक्विनच्या गोळ्या दिल्या, कारण व्हायवॅक्सचा जंतू यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी पुन्हा उठतो; त्याला तिथून उखडायला ही गोळी देतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे झाले. घरच्यांनी कावीळ म्हणून झाडपाल्याचं औषध आणलं. पण ही यकृताची कावीळ नव्हती. तांबड्या पेशी रक्तातच फुटत होत्या आणि त्यांचा पिवळा कचरा डोळ्यांत उतरत होता. मुलाच्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी होतं. ते असलं की पेशी प्रायमाक्विनसारख्या औषधाचा मारा सोसते, नसलं की फुटते. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून मुलग्यांत जास्त दिसतो.

इथं कोवळ्या पेशी डॉक्टरांनाही चकवतात. हे विकर पेशीच्या वयासोबत झिजतं. कोवळ्या पेशीत ते सर्वांत जास्त असतं. जुन्या पेशी फुटून गेल्या आणि रक्त कोवळ्यांनी भरलं, अशा वेळी तपासणी केली तर विकर ‘नॉर्मल’ येऊ शकतं. म्हणून पेशी फुटण्याचा भर ओसरल्यावर, दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते. गोळी आधी बंद करायची, खात्री नंतर.

आणि व्हायवॅक्सचा जंतू स्वतः कुठल्या पेशीत शिरतो? कोवळ्याच. फाल्सिपेरम या त्याच्या मारक भावाला कुठल्याही वयाची तांबडी पेशी चालते, म्हणून तो रक्तात माजतो. व्हायवॅक्सला हवी ती शंभरातली एखादी. ज्या दरवाजानं तो शिरतो तो, लोह आत घेण्यासाठी असलेला ट्रान्सफेरिन रिसेप्टर, कोवळ्या पेशीवरच असतो. पेशी पक्की होताना तो गळून पडतो. हा दरवाजा २०१८ मध्ये ओळखला गेला. काचपट्टीवर व्हायवॅक्सची पेशी शेजारच्यांपेक्षा फुगलेली दिसते, ती मुळातच मोठी, कोवळी पेशी असल्यामुळेही.

रेटिक कधी कधी जवळपास शून्यावरही येतं. मज्जा सुकली, म्हणजे ॲप्लास्टिक ॲनिमिया झाला, तर येतंच. पण पार्व्होव्हायरस बी-१९ नावाचा एक विषाणू मज्जेतल्या पोरवयीन तांबड्या पेशींनाच गाठून आठ-दहा दिवस उत्पादन बंद पाडतो. निरोगी मुलाच्या हे ध्यानातही येत नाही, कारण १२० दिवसांचा साठा असतो. सिकलसेल असलेल्या नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाची पेशी मात्र दोन-तीन आठवडेच टिकते. त्याचं गाळप आठ दिवस थांबलं की जीव धोक्यात येतो.

मूत्रपिंड निकामी झालेल्यांचं रेटिकही खाली असतं. मज्जेला ‘चला, बनवा’ असा हुकूम एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकातून मिळतो आणि तो मूत्रपिंडातून निघतो. जपानच्या कुमामोतोमध्ये ॲप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णांची २,५५० लिटर लघवी साठवून, आटवून, ती पावडर ताकाजी मियाके यांनी शिकागोला युजीन गोल्डवासरकडे नेली आणि १९७७ मध्ये त्यातून हे द्रव्य शुद्ध रूपात निघालं. आज डायलिसिसच्या रुग्णाला टोचतात ते इंजेक्शन त्यातूनच पुढं आलं.

तेच इंजेक्शन धावपटूही चोरून घेतात. साताऱ्यात २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन होते. पोलीस परेड ग्राउंडवरून यवतेश्वरचा घाट चढून परत यायचं. त्या घाटात फुप्फुसं पेटतात तेव्हा जास्तीच्या तांबड्या पेशी किती कामाच्या, हे कुणालाही कळतं. दुसऱ्याचं किंवा स्वतःचंच साठवलेलं रक्त चढवलं तर हिमोग्लोबिन वाढतं पण रेटिक पडतं, कारण शरीर म्हणतं, पुरे आता. इंजेक्शन घेतलं तर आधी दोन्ही चढतात, थांबवल्यावर रेटिक कोसळतं. हे वरखाली होणं वर्षानुवर्षं नोंदवून ठेवायचं, असा ‘पासपोर्ट’ २००९ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्था वापरते.

त्याच वर्षी जर्मनीची स्केटर क्लाउडिया पेख्श्टाइन, पाच ऑलिंपिक सुवर्णपदकांची मानकरी, केवळ रेटिकवरून दोन वर्षं बाहेर बसवली गेली. तिचा आकडा साडेतीनच्या आसपास होता, मर्यादा २.४ ची. अंगात औषधाचा कणही सापडला नव्हता. पुढं तज्ज्ञांना तिच्यात आनुवंशिक रक्तदोषाची लक्षणं दिसली : तिच्या पेशी लवकर मोडतात, म्हणून जास्त बनतात. २०१५ मध्ये जर्मन क्रीडा महासंघाच्या समितीनं तिच्यावर अन्याय झाल्याचं म्हटलं. शिक्षा तोवर भोगून झाली होती. मला विचाराल तर एका माणसाचा आकडा लोकांच्या सरासरीशी ताडण्याआधी त्याच्या आईवडिलांच्या रक्ताशी ताडायला हवा होता.

मधुमेह असलेल्यांसाठी एक गोष्ट जाता जाता. ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून जी एचबीएवनसी मोजतात, ती पेशीच्या वयावर चालते. पेशी जितकी जुनी, तितकी साखर तिला जास्त चिकटलेली. रक्तात एकाएकी कोवळ्या पेशी भरल्या, मग कारण पेशी फुटणं असो की नुकतं सुरू केलेलं लोह, तर आकडा खोटाच कमी येतो आणि साखर आटोक्यात आल्याचा आनंद फुकटचा ठरतो.

जतच्या बाई आठ दिवसांनी पुन्हा आल्या. गोळ्या जेवणाआधी घेतल्या, चहा बाजूला सारला, शौचाला काळं होतं म्हणून घाबरल्या आणि तरी घेत राहिल्या. रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन ७.४. ‘आठ दिस गोळ्या खाऊन एवढंच व्हय?’ त्यांचं म्हणणं चूक नाही. एवढा फरक तर मशिनच्या चुकीतही पडतो. टेक्निशियननं खालच्या ओळीवर बोट ठेवलं. रेटिक ६.८.

तिकडं वाळवा-कराडकडच्या कारखान्यांची धुराडी नुकतीच पेटली आहेत. त्या आठवड्यात बाईंच्या हाडांतून बाहेर पडलेल्या पेशी दोनेक दिवसांत आपली निळी जाळी पुसून टाकतील आणि कामाला लागतील. मार्चमध्ये हंगामाचं शेवटचं गाळप होईल, तोवर त्या जुन्या होतील आणि प्लीहेत मोडल्या जातील. त्यांच्यातलं लोह पुन्हा मज्जेत परत जाईल.